योसेफाची कोठारे आणि दख्खनचे दुष्काळ

पवित्र शास्त्रातील योसेफाची कथा आपल्या घराघरांतून मुलांना लहानपणीच सांगितली जाते. फारोला पडलेली स्वप्ने, सात पुष्ट गाई आणि सात हाडकुळ्या गाई, सुकाळाच्या सात वर्षांत योसेफाने भरून ठेवलेली कोठारे आणि पुढच्या सात वर्षांत त्या कोठारांनी मिसर देशाला व आसपासच्या मुलखांना दिलेले जीवदान, एवढा भाग बहुतेकांच्या परिचयाचा असतो. उत्पत्तीच्या पुस्तकाचा सत्तेचाळिसावा अध्याय मात्र प्रवचनांतून फारसा ऐकू येत नाही. त्या अध्यायात कोठारातले धान्य वाटले जात नाही, विकले जाते. आधी लोकांजवळचा पैसा संपतो. मग ते गुरेढोरे आणून देतात. गुरे संपल्यावर जमिनी देतात आणि अखेरीस स्वतःलाच दास म्हणून फारोच्या हवाली करतात. त्यांचे प्राण वाचतात आणि त्याबद्दल ते योसेफाचे उपकारही मानतात. परंतु दुष्काळ सरतो तेव्हा भूमी फारोची झालेली असते आणि कसणाऱ्याने पिकाचा पाचवा हिस्सा त्याला द्यायचा असा नियम होऊन बसतो.

दुष्काळाच्या इतिहासाकडे वळणाऱ्याने या कथेचे दोन्ही भाग शेजारी ठेवून वाचावेत. पहिला भाग आभाळाची लहर ओळखून आगाऊ तरतूद करायला शिकवतो. दुसरा भाग त्याहून अवघड प्रश्न विचारतो : कोठारात धान्य असले, तरी ते भुकेल्याच्या हाती कोणत्या अटीवर पडते? आज हवामानबदलाची आणि अन्नसुरक्षेची चर्चा होते तेव्हा पहिल्या प्रश्नावर पुष्कळ बोलले जाते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या दख्खनच्या पठाराने फार मोठी किंमत मोजून मिळवलेले आहे. ते विस्मरणात जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

पाऊस हुकण्यापूर्वी

सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे उतरले, की तीस-चाळीस मैलांत पावसाचे मान एकदम खाली येते. पुणे जिल्ह्याचा पूर्वभाग, सोलापूर, तेव्हाचा अहमदनगर म्हणजे आताचा अहिल्यानगर, साताऱ्याचा माणदेश, विजापूर हा सारा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. येथील शेतकऱ्याला पाऊस हुकण्याची सवय शतकानुशतकांची होती. ज्वारी आणि बाजरी ही कमी पाण्यावर तग धरणारी पिके त्याने निवडली होती. ज्वारीचा दाणा माणसाला आणि कडबा जनावराला, अशी त्या पिकाची दुहेरी सोय होती. चांगल्या वर्षाचे धान्य जमिनीत खणलेल्या पेवात उतरवले जाई आणि वाईट वर्षी तेच पेव उघडले जाई. याचा अर्थ पूर्वी दुष्काळ पडत नसत असा मुळीच नाही. १६३० सालापासून पडलेल्या दुष्काळाने दख्खन आणि गुजरात कसे ओस पाडले, याची वर्णने इतिहासात नमूद आहेत. तथापि, एखादे वर्ष निभावून नेण्याची काही रचना गावापाशी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही रचना ढिली होऊ लागली. रयतवारी पद्धतीत प्रत्येक खातेदाराने सारा रोखीने भरायचा होता, पीक येवो अथवा न येवो. रोख रक्कम हवी तर धान्य विकले पाहिजे किंवा सावकाराच्या दारात गेले पाहिजे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचे मोल आले. दख्खनच्या शेतकऱ्यालाही कर्ज सहज मिळू लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र व्याजासह उभे राहिले. याच सुमारास तीस वर्षांची जुनी मुदत संपलेल्या तालुक्यांतून साऱ्याची फेरआकारणी झाली आणि ती तेजीच्या काळातले भाव डोळ्यांपुढे ठेवून झाली. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडीतील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. ते दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. दुष्काळ पडला तो त्यानंतर सव्वा वर्षाने. म्हणजे आभाळाने दगा दिला तेव्हा शेतकऱ्याच्या घरात पेव नव्हते, पत नव्हती आणि गाठीला पैसाही नव्हता. ही त्याची अवस्था निसर्गाने केलेली नव्हती.

१८७६ : आभाळ आणि हिशेब

१८७६ साली पावसाळ्याचा आरंभ बेताचाच झाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस जवळजवळ आलाच नाही. खरीप करपले आणि रब्बीच्या पेरण्या झाल्या नाहीत. मद्रास इलाखा, म्हैसूर, निजामाचे राज्य आणि मुंबई इलाख्याचे दख्खनी जिल्हे एकाच वेळी होरपळले. १८७७ साली पाऊस पुन्हा हुकला आणि संकट उत्तरेकडेही सरकले.

या काळात देशात धान्य अजिबात नव्हते असे नाही. पंजाब, बंगाल, ब्रह्मदेश येथून धान्य येऊ शकत होते आणि आगगाड्यांनी ते येतही होते. मुंबई बंदरातून सोलापूरपर्यंत आणि पुढे रायचूरपर्यंत लोहमार्ग झालेला होता. स्थानकावर पोती उतरत होती; परंतु पोत्याचा भाव आणि शेतमजुराची मिळकत यांचा मेळ उरला नव्हता. शेतात काम नाही म्हणून मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून धान्य नाही. विणकर, चांभार, कुंभार यांची गिऱ्हाइके शेतकरीच असल्यामुळे त्यांची गत तीच झाली. गुरे विकायला काढावीत, तर एकाच वेळी सर्वांनी काढल्यामुळे त्यांना कवडीमोल किंमत. योसेफाच्या कथेतील पायऱ्या अशा एकामागून एक उतरल्या जात होत्या. शिवाय ज्या लोहमार्गाने धान्य आत येई, त्याच मार्गाने जास्त भाव मिळेल तेथे ते बाहेरही जाऊ शके. १८७७-७८ या वर्षात भारतातून इंग्लंडला सुमारे ३ लाख २० हजार टन गहू निर्यात झाला.

सरकारने धान्याच्या व्यापारात हात घालू नये, हे तत्त्व तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी जवळजवळ धर्मतत्त्वासारखे मानले होते. अॅडम स्मिथने १७७६ साली आपल्या ग्रंथात असे मांडले होते, की टंचाईवर सरकारने जबरदस्तीचे भलते उपाय योजल्यामुळेच तिचा दुष्काळ होतो. हे वाक्य घेऊन राज्य करणारी एक पिढी तयार झाली. याच विचाराने १८४५ नंतर आयर्लंडमध्ये काय घडवले ते आपल्याला ठाऊक आहे. बटाट्यावर रोग पडला, तो निसर्गाचा कोप होता. परंतु लोक भुकेने मरत असता त्या कॅथलिक बेटावरून धान्य आणि जनावरे इंग्लंडला जातच राहिली. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. तेव्हा मदतीच्या कारभाराच्या नाड्या हाती असलेले चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढे मद्रासचे गव्हर्नर आणि नंतर भारत सरकारचे अर्थमंत्री म्हणून आले. अर्थविचारही माणसांबरोबर जहाजाने प्रवास करीत असतात.

याला एक ठळक अपवाद घडला होता. १८७३-७४ साली बिहारमध्ये दुष्काळाची चाहूल लागताच सर रिचर्ड टेंपल यांच्या देखरेखीखाली ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ मागवण्यात आला. उपासमारीचे मृत्यू जवळजवळ झाले नाहीत. वास्तविक हे मोठे यश होते. परंतु टेंपलसाहेबांच्या वाट्याला उधळपट्टीचा ठपका आला. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्यांनाच दुष्काळी भागाच्या पाहणीवर पाठवले, ते हात आखडता घेण्याच्या सूचना देऊन. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करणारा दरबार थाटात पार पडला होता. त्याच महिन्यात दुष्काळी कामावरच्या पुरुषाची दिवसाची मजुरी एक पौंड धान्य आणि वर एक आणा, अशी ठरवण्यात आली. स्त्रियांना आणि मुलांना त्याहून कमी. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहून कमी. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची होती. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर श्रम करणारे शरीर टिकणार नाही, असे निक्षून सांगितले. पूर्वी बिहारमध्ये लाखो जीव वाचवणाऱ्या माणसानेच हे प्रमाण ठरवले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. टेंपल यांच्या हृदयात तीन वर्षांत बदल झाला असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढचे हिशेबाचे कोष्टक मात्र बदलले होते. याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले.

बोलणारी माणसे

मुंबई इलाख्यातील मजुरांनी ही मजुरी निमूटपणे पत्करली नाही. १८७७ च्या आरंभी हजारो लोक कामे सोडून निघून गेले. भुकेल्या माणसांनी अर्धपोटी अन्नही नाकारावे, ही लहान गोष्ट नव्हे. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका आणि त्यांचे सहकारी यांनी गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठवले. न्यायमूर्ती रानडे यांची दृष्टी त्या कामामागे होती. त्या अर्जांत दयेची याचना कमी आणि हिशेब अधिक आहे : गावात माणसे किती, गुरे किती मेली, भाव काय, मजुरी काय.

सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र उघडले. जोतीराव फुले यांनी त्यासाठी मदतीचे आवाहन केले. सावित्रीबाईंनी १८७७ च्या एप्रिलमध्ये जुन्नर तालुक्यातील ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. दुष्काळाने उद्ध्वस्त झालेल्या गावांचे त्यात प्रत्यक्ष पाहिलेले वर्णन आहे. याच काळात वासुदेव बळवंत फडके दुष्काळी मुलखातून हिंडले आणि त्यांनी जे पाहिले त्यातून १८७९ चे बंड उभे राहिले.

ख्रिस्ती मिशनऱ्यांचे कार्यही याच काळातले आहे आणि त्याविषयी आपण प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस येशूसंघीय धर्मगुरूंनी नगर जिल्ह्यात जे मिशन आरंभले, त्याची पार्श्वभूमी हीच होती. प्रॉटेस्टंट मिशने त्याआधीपासून तेथे होती. दुष्काळाच्या आगेमागे अनेक कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. ‘पोटासाठी धर्म बदललेले लोक’ हा टोमणा त्यांच्या नातवंडा-पतवंडांना अजूनही कधीमधी ऐकावा लागतो. त्यावर रागावण्यापेक्षा शांतपणे इतिहास सांगणे बरे. त्यांतील पुष्कळ माणसे गावकुसाबाहेरची होती. सुकाळातही त्यांना पेव नव्हते आणि अनेक ठिकाणी सार्वजनिक पाणवठा नव्हता. दुष्काळाने त्यांना प्रथम गाठले, कारण त्यांच्या आणि उपासमारीच्या मध्ये उभे राहणारे असे काहीच नव्हते. अशा माणसाला कोणी ताटाबरोबर माणूस म्हणून नावही दिले, तर तो व्यवहार केवळ पोटाचा राहत नाही. अर्थात, भुकेच्या वेळी दिलेल्या अन्नावर कोणतीही अट नसावी, हे तत्त्व आपल्या मिशनांनी नेहमीच पाळले का, हा प्रश्न आपणही स्वतःला विचारायला हवा. सत्तेचाळिसावा अध्याय आपल्यालाही लागू आहे.

या दुष्काळात किती माणसे मेली? सरकारी दुष्काळ आयोगाने ब्रिटिश मुलखापुरता आकडा सुमारे साडेबावन्न लाख धरला. पुढील अभ्यासकांचे अंदाज साठ लाखांपासून एक कोटीपर्यंत जातात. उपासमारीने खंगलेल्या शरीरांवर पटकी, देवी आणि हिवताप तुटून पडले, म्हणून भुकेचे बळी आणि रोगाचे बळी वेगळे काढता येत नाहीत.

बाळ येशूचे नाव असलेला तापदायक प्रवाह

एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात एकाच वेळी पाऊस का हुकला? त्याच सुमारास उत्तर चीन आणि ब्राझीलचा ईशान्य भागही पाण्यावाचून तडफडत होता. पेरूच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना एवढेच माहीत होते, की काही वर्षी नाताळच्या सुमारास समुद्राचे पाणी अकारण गरम होते आणि मासळी नाहीशी होते. नाताळचा हंगाम म्हणून त्या श्रद्धाळू कोळ्यांनी त्या प्रवाहाला ‘एल निन्यो’, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. पॅसिफिक महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्याचे पाणी असे तापले, की आपल्याकडचा मोसमी पाऊस पुष्कळदा कमी पडतो. १८७७-७८ चा एल निन्यो आजवर ज्ञात असलेल्या सर्वांत प्रबळ एल निन्योंपैकी होता, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसते. त्या वर्षांत हिंदी महासागराचे आणि उत्तर अटलांटिकचे तापमानही नेहमीपेक्षा वेगळे होते.

हे ज्ञान मिळवण्याची धडपडही दुष्काळातूनच सुरू झाली. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि पावसाळा यांचा संबंध शोधून १८८० च्या दशकात अंदाज वर्तवायला सुरुवात केली. १८९९ साली पाऊस पुन्हा भयंकर हुकला. त्यानंतर १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ भारतात आले आणि जगभरच्या नोंदी ताडून पाहता पाहता पॅसिफिकच्या दोन टोकांच्या हवेच्या दाबाचे हेलकावे त्यांच्या हाती लागले. एल निन्योचे शास्त्र त्या पायावर उभे आहे. परंतु आभाळाचे कारण कळले म्हणजे मृत्यूचे कारण कळले असे नव्हे. एकाच कोरड्या आभाळाखाली १८७४ साली बिहारमध्ये माणसे वाचली आणि १८७७ साली दख्खनमध्ये मेली. या फरकाचे उत्तर समुद्राच्या तापमानात सापडत नाही.

दयेपासून हक्कापर्यंत

रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० साली आपला अहवाल दिला. त्यातील एक निरीक्षण मोलाचे आहे. दुष्काळात सर्वांत आधी नाहीसे होते ते शेतातले काम, आणि त्यामुळे माणसाची धान्य विकत घेण्याची ऐपत, असे आयोगाने ओळखले. तथापि, सरकारने धान्याचा साठा करावा की नाही यावर मतभेद झाले. जेम्स केअर्ड आणि एच. ई. सलिव्हन या दोन सदस्यांनी साठ्याच्या बाजूने आपले वेगळे मत नोंदवले. बहुमताने व्यापारावर भरवसा ठेवला. योसेफाचे कोठार दोन विरुद्ध इतरांच्या मतांनी नाकारले गेले. मात्र आयोगाच्या शिफारशींवरून १८८३ साली दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला आणि टंचाई केव्हा जाहीर करावी, कामे केव्हा उघडावीत, मजुरी किती द्यावी हे प्रथमच कागदावर आले.

कागदावर आलेल्या नियमाचे बळ काय असते, ते १८९६ साली दिसले. त्या वर्षी पुन्हा पाऊस हुकला. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून संहितेतील तरतुदी शेतकऱ्यांना समजावून सांगितल्या आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते ती माहिती घेऊन खेड्यापाड्यांत गेले. पीक बुडाले असेल तर सारा सोडून द्यावा असे सरकारचाच नियम म्हणतो, मग भिता कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. वीस वर्षांपूर्वी जी याचना होती, तिची आता मागणी झाली. त्याच दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांना केडगावला आसरा मिळाला. रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्नान्न दशेतच वारले होते. त्या मुलींच्या चेहऱ्यांत त्यांना काय दिसले असेल, हे सांगायला नको. संहिता असूनही १८९९-१९०० च्या, ‘छप्पनचा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुष्काळात मुंबई इलाख्यात फार मोठी मनुष्यहानी झाली. नियम राबवणाऱ्याची नियत खर्च वाचवण्याची असेल, तर नियमातूनही माणूस निसटून खाली पडतो.

दुष्काळी कामांनी मागे ठेवलेल्या वास्तूंची कथाही बोधप्रद आहे. माणदेशातील म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव आणि सोलापूर जिल्ह्यातील आष्टीचा तलाव ही कामे १८७६-७७ च्या भुकेल्या हातांनी सुरू केली. त्यानंतर नीरेचा डावा कालवा झाला. या कालव्यांचा हेतू संरक्षक होता, म्हणजे थोडे थोडे पाणी पुष्कळ रानांत पोहोचावे आणि निदान ज्वारी तरी हाती लागावी. परंतु पाण्याने बाजाराची वाट धरली आणि ते उसात शिरले. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या यांनी पाण्याची विभागणी करण्यासाठी नवी पद्धत आखली, ती या प्रश्नातूनच. दुष्काळासाठी खोदलेल्या कालव्याचे पाणी दुष्काळी पिकाला मिळू नये, हे कोडे आजही सुटलेले नाही.

१९७२ साली महाराष्ट्रात पावसाने पाठ फिरवली, तेव्हा पॅसिफिकमध्ये पुन्हा प्रबळ एल निन्यो होता. ज्वारी-बाजरीची पिके गेली आणि विहिरी आटल्या. आभाळाच्या दृष्टीने पाहता हा जुन्या महादुष्काळांच्याच कुळातला होता. परंतु या वेळी माणसे मोठ्या संख्येने मेली नाहीत. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी अशी ती कामे. परदेशी मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या तोंडून अजून गेलेली नाही. सारे सुरळीत होते असे नव्हे. मजुरी तुटपुंजी होती, ती वेळेवर मिळत नसे आणि हजेरीपटात गफलती होत. पण लोक गप्प बसले नाहीत. मजुरांचे मोर्चे तहसील कचेऱ्यांवर गेले आणि मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध स्त्रियांचे लाटणे मोर्चे निघाले. १८७७ च्या मजुरांनीही काम सोडून निषेध केला होता. फरक एवढाच, की १९७३ च्या मजुराच्या हाती मत होते. अभ्यासकांनी या दुष्काळाविषयी एक लक्षणीय गोष्ट दाखवून दिली आहे : धान्य कमी होते हे खरे, पण तो तुटवडा सर्व थरांत थोडाथोडा वाटला गेला, एकाच थराच्या माथी सगळा आला नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावरून सांगितले ते हेच, की उपासमार म्हणजे काही माणसांजवळ अन्न मिळवण्याचा हक्क नसणे. देशात अन्न नसणे ही निराळी गोष्ट आहे.

या अनुभवातून रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेनुसार तासगाव तालुक्यात तिचा लहान प्रयोग आधीच झाला होता. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. जो काम मागेल त्याला काम देणे हे शासनाचे बंधन ठरले. तिच्यासाठी शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवण्यात आला. मुंबईतील कारकुनाच्या पगारातून कापले जाणारे ते थोडेसे रुपये माणदेशातील एखाद्या बाईच्या हातच्या कुदळीपर्यंत पोहोचत. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा कायद्याच्या भाषेत लिहिली, तर ती काहीशी अशीच दिसेल. २००५ साली संसदेने देशभरासाठी कामाच्या हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

आजचे आभाळ

आता आभाळच बदलते आहे. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले आणि १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. त्याच वेळी मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढल्या. म्हणजे पाऊस येतो तो मुक्कामाला न येता हल्ला केल्यासारखा येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा आणि विदर्भ गारपिटीने झोडपले गेले. लागोपाठच्या अवर्षणानंतर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. कोकणपट्टीत कापणीला आलेला भात परतीच्या पावसात आडवा होण्याचे प्रसंग आपण स्वतः पाहिले आहेत.

अशा आभाळाखाली अर्थनीतीची जबाबदारी वाढते. गेल्या काही दशकांत हमीभाव आणि सरकारी खरेदी यांचा लाभ प्रामुख्याने गव्हाला आणि तांदळाला मिळाला. शिधावाटप दुकानातही तीच धान्ये आली. ज्वारीचे रान सोयाबीनकडे आणि उसाकडे गेले. भाकरी महाग झाली आणि कडबा दुर्मिळ झाला. आता अवर्षण पडले, की गुरांसाठी छावण्या उघडाव्या लागतात, याचे एक कारण ज्वारीच्या या माघारीत आहे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. पण जे पीक आपल्या पूर्वजांनी दुष्काळाकडे डोळे लावून निवडले होते, त्याला समारंभापेक्षा खात्रीचा खरेदीदार अधिक हवा आहे.

निर्यातीचा प्रश्नही नव्या रूपात परत आला. मार्च २०२२ च्या अवेळी उष्णतेने गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. जुलै २०२३ मध्ये, एल निन्योच्या वर्षात, बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. ती सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुली झाली. लिटनच्या धोरणाच्या हे अगदी उलट आहे, आणि घरच्या भुकेला आधी पाहणारे सरकार आपण पसंतच करू. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. अशा बंदीने पिकवणाऱ्याचा भाव पडतो आणि आपल्या तांदळावर अवलंबून असलेल्या आफ्रिकेतील गरीब देशांत तो कडाडतो. धान्य सोडणे आणि अडवणे, दोन्हींत कोणीतरी किंमत मोजतो. ती किंमत सर्वांत दुबळ्याने मोजू नये, एवढी दक्षता धोरणात असली पाहिजे.

आशेला जागा आहे. ज्या नगर जिल्ह्यात आपले मिशन दुष्काळात जन्मले, तेथेच मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाकर यांनी पाणलोट विकासाचे काम आयुष्यभर केले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचे, चराई आणि वृक्षतोड यांवर गावाने स्वतः बंधन घालायचे आणि श्रमदानात सर्वांनी उतरायचे, अशी त्या कामाची रीत होती. १९९३ साली स्थापन झालेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टच्या पाठीशी त्यांची प्रेरणा होती. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत १९७२ च्या दुष्काळातूनच जन्मली. पाणी जमिनीच्या मालकीवर न देता माणशी द्यावे आणि त्या पाण्यावर ऊस घेऊ नये, हे तिचे नियम होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वसुंधरेचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले. दख्खनच्या या माणसांनी ते आपल्या परीने आधीच ऐकले होते.

दीडशे वर्षांचा हा इतिहास एका वाक्यात सांगायचा, तर असे म्हणता येईल, की पाऊस आभाळ हिरावून घेते आणि भाकर माणूस हिरावून घेतो. आभाळावर आपली सत्ता पूर्वी नव्हती. आता तर आपल्याच धुराने आपण ते अधिक बेभरवशाचे करून ठेवले आहे. म्हणून कोठार कोणाचे, पाणी कोणाचे आणि काम मागण्याचा अधिकार कोणाचा, हे सुकाळातच ठरवून ठेवले पाहिजे. कायद्यांची नावे बदलतात, योजना येतात आणि जातात. खर्च फार होतो म्हणून त्या आखडत्या घ्याव्यात, असे जेव्हा जेव्हा कानावर पडेल, तेव्हा तेव्हा एक पौंड धान्याचे ते कोष्टक आपल्याला आठवावे.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, ती ‘माझी’ म्हणून मागत नाही, ‘आमची’ म्हणून मागतो. ओतूरहून लिहिणाऱ्या सावित्रीबाई, मजुरी नाकारून कामावरून उठलेले मजूर आणि १९७३ च्या उन्हात बांधावर माती टाकणाऱ्या स्त्रिया या ‘आमची’त आहेत. त्यांना वगळून ही प्रार्थना म्हणता येणार नाही.